आई-बाबांना कोखर आणि याग्स्टच्या काठी न्या

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून स्टुटगार्टला येतायत, राजवाडे आणि ब्लॅक फॉरेस्ट मागच्या वेळीच झालंय, तर आता गाडी न घेता दोन-तीन दिवसांत लहान नद्या आणि लहान गावं कुठे दाखवायची. मी डोळे झाकून होहेनलोहे सांगेन, म्हणजे स्टुटगार्टच्या ईशान्येचा ग्रामीण भाग. या भागावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

इथे कोखर आणि याग्स्ट अशा दोन नद्या आहेत. कोखर सुमारे १७० किलोमीटर लांब, याग्स्ट सुमारे १९०. दोघी पूर्वेकडच्या आल्बच्या डोंगराळ भागात उगम पावतात, आधी उत्तरेला जातात, मग पश्चिमेला वळतात आणि बाड फ्रीडरिशहाल गावापाशी नेकार नदीला मिळतात. इतका प्रवास शेजारी-शेजारी करूनही एकमेकींना भेटत मात्र नाहीत. मधलं पठार सपाट, शेतीचं. बसमधून जाताना दोन्ही बाजूंना नुसती शेतं दिसतात, आणि अचानक रस्ता वळणं घेत खाली उतरतो, तेव्हा कळतं की चुनखडीत नदीने किती खोल दरी कापलीय.

मुक्काम श्वेबिश हालला करा. स्टुटगार्टहून हेसेंटाल स्टेशनपर्यंत रीजनल ट्रेन आहे, डॉइचलँडटिकीट (जर्मनीभर लोकल-रीजनल गाड्यांना चालणारा मासिक पास) चालतं. स्टेशन वरच्या अंगाला आहे, गावात उतरायला बस घ्या, आई-बाबांना चालवू नका. हे गाव मिठावर उभं राहिलं. कोखरच्या काठी खाऱ्या पाण्याचा झरा होता आणि ते पाणी उकळून मीठ काढायचे, तेही केल्ट या युरोपातल्या प्राचीन लोकांच्या काळापासून. त्यासाठी लागणारं लाकूड नदीतूनच वाहून आणत. १९२४ मध्ये हा उद्योग बंद झाला. पेंटेकोस्ट या ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत मीठवाल्यांचा जुना उत्सव भरतो. तारखा जुळल्या तर चुकवू नका. सेंट मिखाएल चर्चच्या उंच पायऱ्यांवर १९२५ पासून उन्हाळ्यात नाटकं होतात. बाबांचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्या राहू द्या, नदीवरच्या छपराच्या लाकडी पुलावरून संध्याकाळी पाणी बघत उभं राहणंही पुष्कळ आहे.

दुसरा दिवस याग्स्टचा. कोखरकाठी वर्दळ आणि कारखाने जास्त, याग्स्ट शांत. लांगेनबुर्ग हे गाव दरीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर बसलंय. तिथली 'वीबेले' बिस्किटं घ्या: नखाएवढे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, घरी चालत नसेल तर आधीच सांगा. खाली उंटररेगेनबाखला नदीवर छपराचा लाकडी पूल आहे. आत शिरलात की उकाडा एकदम कमी होतो आणि पायाखालच्या फळ्यांचा आवाज येतो.

या नद्यांनी सोसलंही आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये याग्स्टकाठच्या एका गिरणीला आग लागली, विझवायचं पाणी खतासकट नदीत गेलं आणि मासे ढिगाने मेले. पुढच्याच वर्षी २९ मे रोजी कोखरकाठच्या ब्राउन्सबाखमध्ये एरवी ओहोळ म्हणावा असा ओढा रात्रीच्या पावसात दगडगोटे घेऊन गावातून धावला. सुदैवाने तिथे जीवितहानी झाली नाही. गावाजवळच हमरस्त्याचा १८५ मीटर उंचीचा पूल आहे. इतका उंच पूल वर आणि एवढासा ओढा खाली, हे मला तिथे उभं राहिल्यावर फार जाणवलं.

रविवारी दुकानं बंद आणि बस मोजक्या. काही फेऱ्या तर आधी फोन केला तरच येतात. म्हणून याग्स्टची चक्कर शनिवारीच उरका.

जेवणाचं: इथे डुकराचं मांस सगळीकडे आहे. शाकाहारी असाल तर केजेश्पेट्झले (चीज घातलेल्या जाड शेवया) मागवा. मसुरासोबत श्पेट्झलेही मिळतात, पण त्यावर सॉसेज ठेवून देतात, तेव्हा ऑर्डर देतानाच 'ओने वुर्स्ट' (सॉसेजशिवाय) म्हणा.