आजोबा आधी प्लास्टिकचे, मग मेणाचे

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आजोबांचा चेहरा केलाय, चेहरेपट्टी जमलीय असं घरचे म्हणतात, पण रेंडर केलं, म्हणजे पक्कं चित्र काढलं, की प्लास्टिकचा बाहुला. व्हिडिओत बघून सबसर्फेस (उजेड कातडीत शिरू देणारी सेटिंग) १ केलं तर थेट मेणबत्ती झाली, कान तर लाल दिवे! आजोबा शेतातले, रापलेले, सावळे. काय चुकतंय सर?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : अरे, १ बरोबर आहे, घोळ सबसर्फेसच्या स्केलचा आहे, म्हणजे उजेड आत किती लांब फिरणार त्या मापाचा. आज रात्री लाइट बंद करून मोबाईलचा टॉर्च बोटांमागे धरून बघ, बोट लाल दिसेल. उजेड कातडीत शिरतो, आत भटकतो आणि जरा लांबून बाहेर पडतो, त्यात लाल सगळ्यात लांब जातो आणि निळा लवकर संपतो, म्हणून तर सबसर्फेसच्या रेडियसचे लाल, हिरवा, निळा या क्रमानं आकडे १, ०.२, ०.१ असे असतात. पण ते नुसतं प्रमाण झालं, त्याला गुणायचं स्केलनं, आणि ब्लेंडर ४ मध्ये ते आपोआप ०.०५ मीटर येतं, म्हणजे लाल उजेड ५ सेंटीमीटर फिरणार! गालात तो जेमतेम काही मिलिमीटर फिरतो रे. ०.००५ च्या आसपास आण. त्याआधी एन दाबून डोक्याचं माप बघ, २०-२५ सेंटीमीटर उंच हवं, आणि कंट्रोल ए नं मॉडेलचं स्केल (हे वेगळं) अप्लाय कर. डोकं दोन मीटरचं असेल तर बरोबर आकडे टाकूनसुद्धा परत प्लास्टिकच.

आता सावळा रंग. बेस कलर नुसता काळपट केला की चेहरा मातीचा दिसतो, ही चूक खूप जण करतात. मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळं करणारं रंगद्रव्य, वरच्या थरात असतं, ते उजेड आत जाताना पण खातं आणि बाहेर येताना पण, त्यामुळे आतली लाली कमी दिसते. वरची चकाकी मात्र गोऱ्या-काळ्या सगळ्यांना सारखीच, आयओआर (उजेड किती वळतो तो आकडा) १.४ धरलं तर समोरून साधारण ३ टक्के, आणि सावळ्या चेहऱ्यावर तीच उठून दिसते. म्हणून तुझी खरी मेहनत रफनेस मॅपवर, म्हणजे कुठं किती चकाकी ते सांगणाऱ्या चित्रावर, कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे, मान त्याहून कोरडी. सगळीकडे एकच आकडा ठेवलास तर बाहुला परत येणार. आणि टेक्स्चर (चेहऱ्यावर चढवायचं रंगाचं चित्र) फोटोवरून घेतलं असशील तर फोटोतली चकाकी आधी पुसून काढ, नाहीतर ती दोनदा दिसते.

ओठांची आतली बाजू मात्र लालसर ठेव, पुढं हात करशील तेव्हा तळवे पण, तिथं मेलॅनिन कमी असतं.