रदबदली कोणासाठी करायची?

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. आमच्या रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते आणि 'आमेन' म्हणताना माझी जीभ अडते. वाड्यामागचा डोंगर कापला गेला, तेव्हापासून आमची विहीर एप्रिलमध्येच तळ गाठते. पंचायतीत तीन अर्ज दिले, एकाचेही उत्तर नाही. ज्यांना आमचे ऐकायचेच नाही, त्यांचे भले मी देवाजवळ का मागू?
— एक भगिनी, फोंडा तालुका

उत्तर : ताई, सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. जीभ अडते याचा अर्थ 'आमेन' हा शब्द तुम्ही नुसता तोंडाने म्हणत नाही. 'तसेच होवो' असे मनाला वाटत नसेल, तर गप्प राहिलेले बरे. पण आपण नेमके कशाला आमेन म्हणतो, ते एकदा पाहू या.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेली पत्रे आहेत. त्यांतल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल चार शब्द वापरतो : विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या आणि उपकारस्तुती. हे सर्व माणसांसाठी करा, राजांसाठी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीही करा, असे तो सांगतो. मी तिसऱ्या शब्दापाशी नेहमी थांबते. रदबदली हा दरबारातला शब्द. ज्याची बाजू भक्कम आहे, त्याला रदबदली लागत नाही. ज्याचे चुकले आहे, त्याच्यासाठी दुसरा कोणीतरी धन्यापुढे उभा राहतो. सदोम नगराचा त्याच्या पापांमुळे देव नाश करणार होता, तेव्हा अब्राहामाने देवापुढे त्याच्यासाठी केली ती हीच. पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस सापडले तर, असे करत तो दहांपर्यंत उतरला. पण सदोम चांगले आहे असे एकदाही म्हणाला नाही.

पौलाच्या शेवटच्या वर्षांत रोमच्या गादीवर नीरो होता. पुढे सम्राटाच्या नावाने बळी अर्पण करा, असा आग्रह ख्रिस्ती लोकांना होऊ लागला. तेव्हा इ.स. १९७च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले की, आम्ही सम्राटासाठी खऱ्या देवाजवळ मागतो, पण सम्राटाला देव म्हणणार नाही. 'सम्राटाला' आणि 'सम्राटासाठी' यांतल्या फरकापायी माणसांनी जीव दिला. मी आयुष्यभर मराठी शिकवले. एका प्रत्ययाला एवढे मोल आले, हे वाचून मी हलले होते.

आता माझे सांगते. माझी प्रार्थनेची एक वही आहे. तिच्यात एक पान सरपंच, पंच, तलाठी, मामलेदार यांच्या नावांचे. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या गटाराचे काम अडले आणि दर पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागू लागले. ज्या पंचाकडे आम्ही खेटे घालत होतो, त्याचे नाव त्या पानावर लिहिताना पेन पुढे जाईना. लिहिले, डोळे मिटले, आणि मनातून निघाले ते 'प्रभू, याला चांगली अद्दल घडव' एवढेच. मी वही मिटून ठेवली.

महिनाभराने बायबलमधले स्तोत्र ७२ उघडले, ते राजासाठी केलेली प्रार्थनाच आहे. माझ्याजवळ शब्द नव्हते, म्हणून तिथले घेतले. हे देवा, राजाला तुझा न्याय दे. तो दीनांचा न्याय करो. कापलेल्या गवतावर पाऊस पडावा तसा तो होवो. त्यात खुशामत कुठेच नाही. ते स्तोत्र मी त्या पंचाचे नाव घालून रोज सकाळी म्हणू लागले. गटार आणखी दोन पावसाळे झाले नाही, हेही सांगायलाच हवे. पण ग्रामसभेत उभी राहिले तेव्हा माझा आवाज चढला नाही, आणि विचारायचा प्रश्न मात्र एकही राहिला नाही.

म्हणून ताई, तुमच्या सरपंचांसाठी मोघम 'आशीर्वाद दे' म्हणू नका. शलमोन राजाने गिबोन गावी देवाजवळ मागितले ते मागा. आयुष्य, धन, शत्रूंचा नाश यांपैकी काही न मागता त्याने न्यायनिवाडा करण्यासाठी समंजस मन मागितले. तुमचा अर्ज वाचायला एवढेच मन लागते.

प्रार्थना केली म्हणून चौथा अर्ज करायचा नाही, असे मात्र समजू नका. बायबलमधला नहेम्या पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधायला त्याला जायचे होते. त्याला राजाने विचारले, 'तुला काय पाहिजे?' त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच मागणी मांडली : रजा, सुभेदारांच्या नावे पत्रे, राजाच्या वनपालाकडून लाकूड. सगळे नेमके. तुम्हीही नेमके विचारा. गोव्यात डोंगर कापायला नगर नियोजन खात्याची परवानगी लागते. ती दिली होती का, कोणत्या तारखेला, किती क्षेत्रासाठी, हे माहिती हक्क कायद्याखाली विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आधीच्या तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या जोडा. पोच घेतली नसेल, तर या वेळी शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

ग्रामसभा बहुधा रविवारी असते, उपासनेच्याच वेळेला. त्या दिवशी पाळकांना आधी सांगून ग्रामसभेला जा. आणि तारीख मला कळवा. मडगावच्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत त्या सकाळी आम्ही स्तोत्र ७२ वाचू, तुमच्या सरपंचांचे नाव घालून.