सासूबाईंना सोबत घेऊन जा

प्रिय ताई,

मालवणजवळच्या गावाहून आलेले तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. जुलैच्या मुसळधार पावसात, दिवस पुरे भरण्याआधीच तुमचा मुलगा जन्मला आणि उजाडण्यापूर्वी गेला. फादरांना बोलावणे शक्य झाले नाही आणि बाप्तिस्मा राहून गेला. दुसऱ्या दिवशी फादरांनी गावच्या दफनभूमीत प्रार्थना करून त्याला मातीआड केले. परतताना वाटेत सासूबाई म्हणाल्या की बाप्तिस्मा न झालेले मूल लिंबोत, म्हणजे स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत अशा ठिकाणी जाते, आणि तिथे त्रास नसतो. तेव्हापासून तुम्ही त्यांच्याशी कामापुरतेच बोलता. आता तुम्हाला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत: बाळ देवाजवळ आहे की नाही याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर, आणि सासूबाईंना वाचून दाखवता येईल असे चार खडे बोल.

परंतु त्यांच्या ‘जुनाट सवयी’ सांगता सांगता तुम्ही एक वाक्य लिहिले आहे आणि त्यावर क्षणभरही न थांबता पुढे गेला आहात. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की सासूबाई दफनभूमीच्या गडग्याबाहेर जातात, जिथे कुणाचीच कबर नाही अशा जागी एक मेणबत्ती लावतात, आणि ती कुणासाठी असे विचारले तर उत्तर देत नाहीत. तुम्ही लग्न होऊन आल्यापासून हे पाहत आला आहात, आणि स्वतःचे मूल पुरल्यानंतरही त्या जागेचा अर्थ तुमच्या मनात आला नाही, याचा मला राग आला हे मी लपवत नाही.

त्या जागी कबर आहे, ताई. तुमच्या घरात मी कधी आलेली नाही, तरी हे मी जवळजवळ खात्रीने सांगते. तुमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत, म्हणजे त्यांची बाळंतपणे झाली तेव्हा ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, १९१७ सालचा कायदा लागू होता. बाप्तिस्म्याविना मृत्यू पावलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते, आणि तो कायदा नोव्हेंबर १९८३ पर्यंत टिकला. तान्ह्या मुलांसाठी त्याचा अर्थ असा झाला की त्यांना आशीर्वादित भूमीबाहेर, कुंपणापलीकडे, बहुधा तिन्हीसांजेला आणि घरातल्या एखाद्या पुरुषाच्या हातून पुरले जाई. घंटा नाही, क्रूस नाही, आणि ओल्या बाळंतिणीला तर उंबरठ्याबाहेर पडायचीही मुभा नसे. हे आपल्या किनाऱ्यापुरतेच होते असेही नाही. आयर्लंडमध्ये अशा मुलांना पुरण्याच्या वेगळ्या, आशीर्वाद न मिळालेल्या जागा आजही दाखवल्या जातात.

आता तो जुलैचा दिवस त्यांच्या बाजूने पाहा. १९८३ च्या नव्या कायद्याने अशी मुभा दिली की आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती पण मूल त्याआधीच गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्या मुलाला ख्रिस्ती दफन मिळू शकते. त्यामुळे तुमच्या बाळाला गडग्याच्या आत जागा मिळाली, फादर मिळाले, प्रार्थना मिळाली, आणि जिच्या मुलाला यातले काहीही मिळाले नव्हते ती बाई तुमच्या शेजारी छत्री धरून उभी होती. परतताना ती जे बोलली ते तुम्हाला शापासारखे ऐकू आले. मला त्यात तिच्याजवळचे एकुलते एक सांत्वन दिसते, कारण ‘तिथे त्रास नसतो’ हे वाक्य तिला कुणीतरी तिच्या स्वतःच्या दुःखात दिले असणार, आणि तिने ते इतकी वर्षे जपून तुमच्या हाती ठेवले.

ते वाक्य अंधश्रद्धेतूनही आलेले नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन यांनी, माणूस जन्मतः पापी नसतो असे मानणाऱ्या पेलाजियसच्या अनुयायांशी वाद घालताना, असे मत मांडले की बाप्तिस्म्याविना गेलेली मुले दंडातून सुटत नाहीत, जरी त्यांचा दंड सर्वांत सौम्य असला तरी. ही कठोरता पुढच्या विचारवंतांना पेलवली नाही. मध्ययुगात लिंबोची कल्पना आकाराला आली ती या मुलांना नरकयातनांपासून दूर ठेवण्यासाठी, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तर असे म्हटले की तिथली मुले देवाचे दर्शन नसूनही दुःखी नसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पोप दहावे पायस यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतही लिंबो होतीच. तरीही ख्रिस्तसभेने लिंबोला श्रद्धेचा सिद्धांत म्हणून कधीही घोषित केले नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तो शब्दही येत नाही. त्यातला १२६१ वा परिच्छेद सांगतो की अशा मुलांना ख्रिस्तसभा देवाच्या करुणेवर सोपवते, आणि बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना अडवू नका, हे येशूचे म्हणणे तिथे पुढे ठेवलेले आहे. एप्रिल २००७ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने याच विषयावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. लिंबो हे आजही मांडता येण्याजोगे मत आहे, मात्र ही मुले तारली जातात अशी आशा धरायला गंभीर आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे ‘हो’ असे उत्तर मी देणार नाही, कारण ते द्यायला ख्रिस्तसभाच धजलेली नाही. ती आशा म्हणते, आणि ती आशा मला पुरेशी भक्कम वाटते. दर २८ डिसेंबरला आपण हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा सण पाळतो. त्यांतल्या एकाचाही पाण्याने बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि त्यांना आपण संत म्हणतो. रुग्णालयात हजर असलेल्या कुणीही योग्य हेतूने, ठरलेली वचने म्हणत डोक्यावर पाणी ओतले असते तर बाप्तिस्मा झाला असता, हे तुम्हाला नंतर कळले आणि ते तुम्हाला डाचते आहे. ते तुम्हाला कुणी शिकवलेच नव्हते, म्हणून तो दोष तुमचा नाही.

खडे बोल मात्र मी लिहून देणार नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाच्या दफनाच्या प्रार्थनांमध्ये मुख्यतः त्याच्या आईवडिलांसाठी सांत्वन मागितलेले असते. तुमच्यासाठी ते मागून झाले आहे. तुमच्या घरातल्या दुसऱ्या आईसाठी ते कुणी कधी मागितल्याचे तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

म्हणून २ नोव्हेंबरची वाट पाहू नका. या रविवारी मिस्सा झाल्यावर, घरातले पुरुष बंदरावर किंवा बाजारात गेलेले असताना, सासूबाईंच्या शेजारी बसा आणि एवढेच विचारा की ते बाळ मुलगा होते की मुलगी. त्या लगेच बोलल्या नाहीत तर उठू नका. त्या बोलल्या, की त्याच आठवड्यात दोघी मिळून फादरांकडे जा, दोन्ही मुलांसाठी एकच मिस्सा मागा, आणि गडग्याबाहेरच्या त्या जागेला आशीर्वाद देण्याची विनंती करा. ही विनंती तुम्ही करायची आहे, कारण त्या स्वतः करणार नाहीत. फादरांना जागा मात्र त्यांनाच दाखवू द्या. माझे हे उत्तर त्यांना वाचून दाखवायचेच असेल, तर ते सगळे झाल्यावर दाखवा.