नीशला कोनाडा म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की विचारणाऱ्याची बहीण एफवायबीएस्सीला आहे, इकॉलॉजीच्या नोट्स मराठीत काढतीये, हॅबिटॅटला (जीव जिथे राहतो ती जागा) 'अधिवास' लिहिलं ते पटलं, पण नीशला (इंग्रजीत niche) कुणीतरी 'कोनाडा' सुचवलाय, तो चालेल का आणि मुळात या दोन्हीत फरक काय.

माझं मत, कोनाडा नको. तसं फ्रेंचमधे नीश म्हणजे भिंतीतला कोनाडाच, आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात ज्याचं लहानपण गेलंय त्याला दिव्याचा कोनाडा लगेच डोळ्यापुढे येतो, त्यामुळे शब्द गोड वाटतो हे खरं. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ ग्रिनेलनं १९१७ मधे कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्याबद्दल लिहिताना नीश हा शब्द वापरला तेव्हा त्याचा रोखही बराचसा जागेवरच होता, कसली झुडपं, कसलं हवामान वगैरे. पण १९२७ मधे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ एल्टननं जोर बदलला. तो म्हणाला की गावात पाद्री जाताना दिसला की जसं त्याचं गावातलं काम आपल्या मनात येतं तसं बॅजर (बिळात राहणारा एक सस्तन प्राणी) दिसला की त्याचं तिथल्या जीवसमूहातलं स्थान मनात यायला पाहिजे, म्हणजे तो कुणाला खातो, त्याला कोण खातं, हे सगळं. पुढे ओडम या अमेरिकी इकॉलॉजिस्टनं विद्यार्थ्यांसाठी ते अगदी सोपं करून टाकलं, हॅबिटॅट म्हणजे प्राण्याचा पत्ता आणि नीश म्हणजे त्याचा व्यवसाय.

आता 'अधिवास' का पटतो बघा, डोमिसाईलचा दाखला काढतो ना, त्याला मराठीत अधिवास प्रमाणपत्रच म्हणतात, म्हणजे शब्दात पत्ता आधीच आहे. कोनाडा म्हटलं की परत जागाच झाली, मग बहिणीच्या वहीत दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होऊन बसेल.

सकाळी पुण्यातल्या पाषाण तलावावर जा तिला घेऊन. ढोकरी काठाला मान आखडून निश्चल उभी असते आणि मासा, बेडूक टप्प्यात आला की झडप घालते, शेकाट्या त्या लांब लाल पायांवर उथळ पाण्यात फिरत किडे टिपतो, आणि कवड्या धीवर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून सरळ खाली सूर मारतो. तिघांचा अधिवास एकच, तलाव. नीश तीन. आणि म्हणूनच तिघं एका पाण्यावर जगू शकतात. रशियन जीवशास्त्रज्ञ गॉसनं १९३४ मधे पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच अन्नावर, एकाच भांड्यात वाढवल्या तर एक टिकली, दुसरी संपली, म्हणजे नीश एकच असेल तर दोन जाती सोबत टिकत नाहीत. हा मुद्दा परीक्षेत हमखास विचारतात आणि नीशचा अर्थ जागा असा धरला तर तो कळतच नाही, कारण जागा तर सगळेच वाटून घेतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. आपल्या भाषेनं कितीतरी जिवांना नावंच व्यवसायावरून दिलीयेत. सुतार पक्षी, शिंपी, धोबी, खाटीक, कोतवाल, कुंभारमाशी, आणि वरचा धीवर म्हणजे तरी काय, मासे धरणारा कोळीच की. सुतार खोड टोकरून आतले किडे काढतो, खाटीक भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो, कोतवाल घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीलासुद्धा पिटाळून लावतो. एल्टनला पाद्र्याचं उदाहरण द्यावं लागलं, आपल्याकडे ते बोलण्यातच आहे. अर्थात नावावरून पूर्ण नीश कळतो असं समजू नका, धोबी हे नाव पाण्याकाठी शेपटी आपटत चालण्याच्या लकबीवरून पडलंय, त्याचं खरं पोट किड्यांवर चालतं. शिंप्याचंही तेच, तो पानं शिवतो ती घरट्यासाठी, खातो किडेच.

तर नोट्समधे 'नीश' असंच देवनागरीत लिहावं आणि पुढे एकदा 'जीवसमूहातली भूमिका' असं स्पष्ट करावं. नुसतं 'व्यवसाय' समजायला छान आहे, पण व्याख्येत अपुरं पडतं, कारण किती तापमान, किती ओलावा सोसतो हेसुद्धा नीशमधेच येतं, इकॉलॉजिस्ट हचिन्सनच्या १९५७ च्या व्याख्येत तर तोच गाभा आहे.

कोनाडा हवाच असेल तर पिंगळ्यासाठी ठेवा. जुन्या भिंतीतल्या कोनाड्यात दिवसा बसलेला असतो तो त्याचा पत्ता, आणि अंधार पडल्यावर किडे, उंदीर पकडायला बाहेर पडतो ते त्याच्या नीशमधलं काम.