बाकी मिळेपर्यंत लग्नाचे फोटो अडवून ठेवता येतात का?

प्रश्न: मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. एक ऑर्डर १,६०,००० रुपयांना ठरली होती. त्यात हळद, लग्न, रिसेप्शन, ४० पानी अल्बम आणि व्हिडिओ असं सगळं होतं. लेखी करार नाही, जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर. मुलीच्या वडिलांनी दोन वेळा मिळून १,००,००० रुपये दिले. लग्नातलं एक कार्ड करप्ट झालं आणि सप्तपदीपासून पुढचे साधारण ५० मिनिटांचे फोटो गेले. कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात, पण पहिलं भरलं की दुसरं सुरू होईल अशी सेटिंग होती. व्हिडिओ ४के मध्ये आहे आणि सुरक्षित आहे. फोटो गेल्याचं मी त्यांना २५ दिवसांनी सांगितलं. त्यांनी बाकीचे ६०,००० द्यायला नकार दिला, म्हणून मीही उरलेले फोटो दिलेले नाहीत. आता वकिलाची नोटीस आली आहे. १ लाख परत, मानसिक त्रासाचे ५ लाख आणि सगळ्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या) १५ दिवसांत द्या, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार आणि पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा. इन्स्टाग्रामवर टाकलेले सहा फोटोही काढायला सांगितलं आहे. नोटीस येऊन आठ दिवस झाले. फोटो मी काढले, कॉपीराइट माझा, मग बाकी मिळेपर्यंत ते ठेवून घेण्याचा हक्क मला नाही का?

उत्तर: नाही. आणि तुमच्या प्रकरणातली सगळ्यात कच्ची बाजू गेलेलं कार्ड नसून हे अडवलेले फोटो आहेत, म्हणून आधी त्याबद्दल.

फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता, हे बरोबर. पण कर्ता आणि कॉपीराइटचा पहिला मालक हे दर वेळी एकच नसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ (ब) नुसार, कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो किंवा चित्रफीत करून घेतली, तर उलट करार नसल्यास पहिला मालक काम सांगणारा असतो. तुमच्याकडे उलट करार नाही. म्हणजे या लग्नाच्या फोटोंचा आणि व्हिडिओचा कॉपीराइट ज्यांनी ऑर्डर दिली आणि पैसे मोजले त्या वडिलांचा. तुमच्याकडे उरतात ते कलम ५७ चे हक्क: फोटो तुम्ही काढला हे सांगण्याचा, आणि तुमच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड कोणी केली तर हरकत घेण्याचा. यातून फोटो अडवण्याचा हक्क निघत नाही.

‘मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० बद्दल बोलत असतील. ते कलम लागतं ते गिऱ्हाइकाने आपली वस्तू तुमच्या ताब्यात देऊन तिच्यावर काम करून घेतलं तर. शिंप्याकडे दिलेलं कापड, दुरुस्तीला दिलेलं घड्याळ. तुमच्याकडे वडिलांनी काही वस्तू सोपवली नव्हती. एकच गोष्ट तुमच्या बाजूने असू शकते: ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर डिलिव्हरी’ असा मेसेज ऑर्डर ठरतानाच गेला असेल आणि त्यांनी ‘ओके’ म्हटलं असेल, तर निदान अल्बम थांबवण्याला आधार आहे. चॅट उघडून तो मेसेज शोधा. ‘आमचा नेहमीचाच नियम आहे’ याला पुरावा म्हणत नाहीत. आणि मेसेज सापडला तरी स्वतःकडून काम अपुरं राहिलेलं असताना त्यावर फार भार टाकू नका. शिवाय लग्न नोंदणीच्या अर्जाला विधीचा फोटो जोडायला सांगतात. तो तुमच्यामुळे अडला असं समोरून आलं, तर ६०,००० च्या बाकीचा मुद्दा आयोगासमोर फार क्षुल्लक दिसेल.

तेव्हा येत्या तीन-चार दिवसांत जे आहे ते सगळं देऊन टाका. रॉ फाइल द्यायच्या की नाही हे काय ठरलं होतं त्यावर अवलंबून असतं. कॉपीराइट त्यांचा असला तरी न ठरलेली फाइल देण्याचं बंधन त्यातून आपोआप येत नाही. पण इथे द्या. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे ३,००० फोटो झाले तरी ९० जीबीच्या आसपास. एका हार्ड डिस्कचा खर्च. नोटिशीतली एक मागणी तेवढ्यात निकालात निघते. डिस्क देताना किती फाइल, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या तारखेला दिल्या याची पोच सहीनिशी घ्या. तुमच्याकडची प्रत मात्र प्रकरण मिटेपर्यंत पुसू नका.

इन्स्टाग्रामचे सहा फोटो आजच काढा. आर्काइव्हमध्ये टाकू नका, डिलीट करा, आणि त्याआधी स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे किती फोटो होते यावर नंतर वाद नको. इथे दोन वेगळे हक्क आहेत. कॉपीराइट वडिलांचा, पण चेहरे नवरा-नवरीचे, आणि खासगीपणा त्यांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. वडिलांनी तोंडी ‘टाका’ म्हटलं होतं एवढ्यावर त्या दोघांची संमती गृहीत धरता येत नाही.

आता कार्ड. ते तुम्ही पुन्हा कॅमेऱ्यात घातलं असेल तर इथेच थांबा. फॉरमॅट केल्याने फोटो लगेच नष्ट होत नाहीत. त्या जागेवर नवीन डेटा लिहिला गेला की नष्ट होतात. एसडी कार्ड असेल तर बाजूची कळ लॉकवर करा. संगणकाला कार्ड दिसत असेल, तर आधी त्याची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्यायची आणि फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवायचं, मूळ कार्डावर नाही. कार्ड अजिबात दिसतच नसेल तर दोष बहुधा कंट्रोलरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या चिपमध्ये) असतो, तिथे घरच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे द्या आणि फोटो मिळोत न मिळोत, लेखी अहवाल मागा: कार्ड कोणत्या स्थितीत आलं, बिघाड कशाचा, काय प्रयत्न केले. तो अहवाल, लॅबची पावती आणि पाकिटात बंद केलेलं मूळ कार्ड हा तुमचा खरा बचाव आहे.

त्यातून काय सिद्ध होतं ते मात्र नीट समजून घ्या. ‘तांत्रिक बिघाड, आमचा इलाज नव्हता’ असं नोटिशीच्या उत्तरात लिहू नका. दुसरं कार्ड बसत होतं तर प्रत्येक फोटो दोन्हीकडे का लिहिला जात नव्हता, हा पहिलाच प्रश्न येईल, आणि त्याला उत्तर नाही. लॅबच्या अहवालातून एवढंच दिसतं की फोटो काढले होते, तुम्ही झोपा काढत नव्हता, आणि गेल्यावर ते मिळवायची धडपड केली. त्यामुळे जबाबदारी टळत नाही, रक्कम कमी होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा तर आहेच, पण जाणूनबुजून माहिती दडवून ठेवणंही आहे. म्हणून तुमचे ते २५ दिवस मला सेटिंगपेक्षाही जास्त खटकतात. त्या काळात रिकव्हरीचे प्रयत्न चालू होते का? असतील तर पावत्या, मेसेज, तारखा गोळा करा. नसतील तर खोटं कारण रचू नका, मुद्दा सरळ मान्य करा.

५ लाखांच्या आकड्याने घाबरू नका, पण तक्रार होणारच नाही अशा भ्रमातही राहू नका. कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. त्यांना राहत्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय, ऑनलाइनही तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीची प्रत हातात पडली की लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. ते पाकीट ‘बघू नंतर’ म्हणून कपाटात ठेवणारे लोक चांगलं प्रकरणही हरतात. भरपाई किती मिळेल हे कोणी आधी सांगू शकत नाही. पण लग्न पुन्हा होत नाही हे काम घेतानाच तुम्हाला माहीत होतं, त्यामुळे मानसिक त्रासाची रक्कम शून्य नसेल हे धरून चाला. आणि तुमचे ६०,००० तिथे मागता येणार नाहीत. आयोग ग्राहकासाठी आहे. बाकीसाठी तुम्हाला दिवाणी न्यायालयातच जावं लागेल, तेही तीन वर्षांच्या आत.

पोलिसांच्या धमकीत फारसा दम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ च्या फसवणुकीला सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही माणसं घेऊन आलात, तिन्ही कार्यक्रम केलेत. ठाण्यात बोलावलं तर जा, चॅट आणि लॅबचा अहवाल घेऊन जा, आणि पैशांच्या कुठल्याही कागदावर तिथे बसून सही करू नका.

उरलेल्या सात दिवसांत नोटिशीला उत्तर पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. उत्तर न दिल्यास शिक्षा नाही, पण तुमचं गप्प राहणं पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. उत्तरात ठरलेलं काम, मिळालेले पैसे, झालेलं काम आणि काय गेलं हे तारखांसह लिहा. फोटो आणि रॉ फाइल देत आहात हे लिहा. ५ लाखांची मागणी नाकारा. दिलेल्या १ लाखाची पावती अजून दिली नसेल तर सोबत जोडा. सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र अनुचित प्रथा आहे, आणि ते आयतं कोलीत त्यांच्या हाती कशाला द्यायचं? तडजोडीचा प्रस्ताव या उत्तरात मिसळू नका. तो वेगळ्या पत्रात, ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे आपले हक्क राखून) असं वर लिहून.

प्रस्ताव काय द्यावा? तुमची खरी ताकद व्हिडिओत आहे. ४के ची एक फ्रेम ३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८.३ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयला ती १२.८ बाय ७.२ इंचांवर स्वच्छ छापता येते. हालचालीत फ्रेम पुसट येतात, त्यामुळे ५० मिनिटांतून निवडायला एक अख्खा दिवस लागेल, पण सप्तपदीची आठ-दहा पानं निश्चित उभी राहतात. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटोही मागवा. निवडलेल्या फ्रेम प्रस्तावासोबतच पाठवा. डोळ्यांसमोर फोटो आले की माणसं आकड्यांबद्दल वेगळं बोलतात. पैशांच्या बाबतीत, बाकीच्या ६०,००० पैकी ४०,००० सोडून सुरुवात करा, आणि पूर्ण ६०,००० सोडून वर २०,००० परत द्यायची तयारी मनात ठेवा. हे जास्त वाटतं का? दोन वर्षं तारखांना हेलपाटे घालण्यापेक्षा हे स्वस्त आहे, असं माझं मत.

जमलं तर व्हॉट्सॲपवर ‘मिटलं’ म्हणून सोडू नका. एका कागदावर लिहा, वडील, मुलगी आणि जावई तिघांच्याही सह्या घ्या. त्याहून पक्कं हवं असेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड नोंदवा. कोर्ट फी नाही, तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील होत नाही.

न जमल्यास चॅट हाच सगळा पुरावा. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करा आणि प्रकरण संपेपर्यंत तो मोबाइल विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) द्यावी लागते. कार्ड लॅबकडे दिलं असेल, तर त्यांच्याकडूनच इमेजची हॅश लिहून घ्या.

पुढच्या ऑर्डरला दोन पानी करार करा: कॉपीराइट कोणाचा, पोस्ट करायला नवरा-नवरीची संमती (वेगळ्या सहीने), रॉ फाइल द्यायच्या की नाही, बाकी कधी, आणि डेटा गेल्यास परतावा कसा मोजायचा. ‘कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत’ हे वाक्य मात्र टाकू नका. अशी एकतर्फी अट अनुचित करार म्हणून रद्द होऊ शकते. आणि दुसऱ्या कार्डाची सेटिंग आजच बॅकअपवर करा.