'नारू' या रोगाचं नाव कुठून आलं?

तुम्ही विचारलंय, 'नारू' रोगाचं नाव कुठून आलं आणि गावगाड्यातले 'कारू-नारू' ते हेच का. दुसरं आधी सांगतो: नाही. ते नारू म्हणजे अलुतेदार, गावाच्या सेवेतले दुय्यम कारागीर-सेवेकरी. त्यांचा या रोगाशी काही संबंध नाही.

रोगाचा नारू, म्हणजे अंगातून दोऱ्यासारखी लांब कृमी बाहेर पडते तो, 'स्नायू'च्या घराण्यातला. जुन्या ग्रंथांत स्नायू म्हणजे आजच्यासारखा मांसल भाग नव्हे, तर दोरीसारखी शीर, कंडरा. पालीत त्याचं रूप 'न्हारु'. आमच्याकडे मराठवाड्यात पाली वंदना पाठ असणारी घरं पुष्कळ; शरीराच्या बत्तीस भागांच्या पाठात 'मंसं न्हारु अट्ठि' येतं, तोच हा शब्द. पुढे 'ह' गळला आणि मराठीत नारू राहिला. हिंदीतल्या 'नहरुआ'त तो 'ह' अजून टिकून आहे. वैद्यांनी तर रोगालाच 'स्नायुक' म्हटलंय.

कृमीला शिरेचं नाव का, हे आजीच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. घोट्याजवळ आग आग व्हायची, फोड यायचा, तो फुटला की पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकवायचं. ते काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटं ओढायचं, घाई न करता. मधेच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळायचा. पायातून दोन हात लांब दोरा निघताना पाहणाऱ्याला आपली शीरच बाहेर येतेय असं वाटणार! अरबी वैद्यांनाही तेच वाटलं. त्यांनी नाव दिलं 'इर्क मदिनी', मदिनेची शीर. शास्त्रीय नावातलं 'मेडिनेन्सिस' त्या मदिनेचंच. त्याच नावातला पहिला शब्द 'ड्रॅकंक्युलस' म्हणजे छोटा ड्रॅगन. मला त्यापेक्षा आपला नारू जास्त भावतो. डोळ्यांना दिसलं तेच त्यात आहे.

दिसत नव्हतं ते कारण. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात उभं राहून घागर भरत. पायातल्या नारूची पिल्लं पाण्यात सुटत, तिथल्या सायक्लोप्स नावाच्या बारीक पाणजीवांच्या पोटात जात आणि ते पाणी प्यालेल्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू तयार. ही साखळी तोडायला फडक्याने पाणी गाळणं, विहिरीत औषध टाकणं आणि हापसे कामी आले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला.