शिसवीऐवजी भाजलेलं मेपल चालेल का? आधी वाद्याचा कुठला भाग ते सांगा

तुमचा प्रश्न असा आहे : पहिलीच अकूस्टिक गिटार बनवताय, शिसवी आणि आबनूस टाळायचे आहेत, तर सगळीकडे मॉडिफाइड वूड, म्हणजे उष्णता, दाब किंवा रसायनांनी गुणधर्म बदललेलं लाकूड, वापरलं तर आवाज मार खाईल का? यातला 'सगळीकडे' तेवढा काढून टाका, मग बोलता येईल. गिटारच्या पाठीला जे लाकूड लागतं ते फिंगरबोर्डला (मानेवरची पट्टी, जिच्यावर बोटांनी तारा दाबतात) लागत नाही, आणि मॉडिफाइड वूड या एकाच नावाखाली तीन-चार अगदी वेगळ्या प्रक्रिया विकल्या जातात.

सर्वात जास्त गैरसमज भाजलेल्या मेपलबद्दल आहेत. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत लाकूड साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसला तापवतात. पाणी धरून ठेवणारं हेमिसेल्युलोज त्यात मोडतं, त्यामुळे हवा दमट झाली तरी लाकूड पूर्वीइतकं फुगत नाही. रंगही पार आतपर्यंत तपकिरी होतो, आणि त्या रंगाला भुलून लोक समजतात की लाकूड आबनुसासारखं कडक झालं. तसं काही होत नाही. उलट वजन थोडं घटतं आणि लाकूड ठिसूळ होतं. तरीही गिटारच्या फिंगरबोर्डला ते छान चालतं, कारण तिथे साधं मेपलही चालतंच. फेंडर या कंपनीच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारना सबंध मेपलची मान असे, शिसवीचा फिंगरबोर्ड १९५८ पासून आला. तार टेकते ती फ्रेटवर, म्हणजे पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या दांड्यांवर, लाकडाची झीज त्या मानाने कमी.

व्हायोलिनचं तसं नाही. तिथे फ्रेट नसतात, तार थेट लाकडावर दाबली जाते आणि मऊ लाकडात चर पडतात. अशा ठिकाणी घनता हवी. मेपलची घनता घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅमच्या आसपास, आबनुसाची १ किंवा त्याहून जास्त. ही दरी भाजून भरत नाही, उष्णता देऊन दाबून भरते. स्वित्झर्लंडमध्ये बनणारं सोनोवूड नावाचं लाकूड याच पद्धतीचं. मात्र दाबलेल्या लाकडाला ओलावा लागला की आपली जुनी जाडी आठवते! दाबून आलेली जाडी उष्णतेने पक्की केली आहे का, हे विकणाऱ्याला विचाराच.

तिसरा प्रकार फरफ्युरिल अल्कोहोल हे द्रव रसायन मुरवून, त्याची आतच घट्ट राळ केलेल्या लाकडाचा. ते गडद, जड आणि कडक होतं, म्हणून फिंगरबोर्डसाठी माझी पहिली पसंती तेच. घोडीला (वरच्या फळीवरचा, तारा धरणारा तुकडा) वापरताना मात्र हात आखडता घ्या. राळ वजन वाढवते त्या प्रमाणात ताठपणा वाढवत नाही, आणि घोडीवरचा प्रत्येक जादा ग्रॅम वरच्या पातळ फळीला हलवावा लागतो. ॲसिटिलेशन केलेलं, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने पाणी कमी शोषणारं केलेलं लाकूड स्थिर असतं यात वाद नाही, पण त्यात उरलेलं ॲसिटिक आम्ल साध्या लोखंडी स्क्रूला गंज चढवतं.

आता पाठ आणि बाजू. इथे मॉडिफाइड काहीच घेऊ नका. भाजलेली पट्टी तापत्या नळीवर वाकवायला गेलात की कंबरेच्या वळणावर कडकन मोडते. साधं मेपल किंवा अक्रोड घ्या. शिसवीला टिचकी मारली की नाद लांबतो हे खरं, पण तो हातातल्या सुट्या फळीचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, फक्त पाठ-बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार ५२ वादकांना अंधुक उजेडात वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या होत्या. ब्राझिलियन शिसवीपासून अक्रोडापर्यंत, त्यांनी दिलेल्या गुणांत फरक जेमतेम होता. आवाजाची खरी मदार वरच्या स्प्रूसच्या फळीवर आणि तुमच्या हातावर. भाजायचंच असेल तर ती फळी भाजलेली घ्या, तिथे हलकेपणा आणि स्थिरता दोन्ही कामाला येतात.

परवान्यांचंही तुम्ही विचारलंय. साइट्स (CITES) या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून सर्वात कडक परिशिष्टात आहे, आणि २०१७ पासून डालबर्गिया या शिसवीच्या वंशातली बाकी सगळी झाडं दुसऱ्या परिशिष्टात आली. २०१९ च्या अखेरीस दुसऱ्या परिशिष्टातल्या या लाकडांच्या तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या फळ्यांना नाही. तुम्ही फळी घेणार, म्हणजे सीमेपलीकडून मागवलीत तर कागदपत्रं तुमच्याच गळ्यात.

भाजलेल्या मेपलवर काम करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, पांढरा गम त्यात सावकाश मुरतो, शिकंजे रात्रभर काढू नका. दुसरी मी फळी वाया घालवून शिकलो. पहिल्या बोर्डात नेहमीच्या सवयीने हातोडीने फ्रेट ठोकले आणि सातव्या फ्रेटपाशी कडेचा नखाएवढा टवका उडाला. तेव्हापासून खाचेच्या दोन्ही ओठांवरून आधी तिकोनी कानस हलकेच फिरवतो आणि फ्रेट ठोकत नाही, प्रेसने दाबून बसवतो.